काचेचा व्हॅक्यूम फिल्ट्रेशन सेट नीट कसा वापरायचा: जोडण्यापासून धुण्यापर्यंत

लॅबमधे काचेचा व्हॅक्यूम फिल्ट्रेशन सेट बहुतेक सगळ्यांनी बघितलेला असतो, वर फनेल, मधे क्लॅम्प, खाली जाड फ्लास्क आणि बाजूने पंपाकडे जाणारी नळी. वापरायला अवघड अजिबात नाही, पण हा प्रकार कोणी बसवून शिकवत नाही. सीनियर करतो ते बघून ज्युनियर करतो, आणि सीनियरने एखादी स्टेप सोडलेली असेल तर ती पुढच्या सगळ्यांकडून सुटते. म्हणून इथे सगळं सविस्तर लिहितोय, आणि का करायचं तेही सांगतोय, कारण कारण कळलं की स्टेप आपोआप लक्षात राहते.

आधी आत काय चालतं ते बघू. पंप फ्लास्कमधली हवा काढतो, आतला दाब कमी होतो आणि मग बाहेरची हवा वरून लिक्विडला फिल्टरमधून खाली ढकलते. म्हणजे जोर लावते ती बाहेरची हवा, पंप फक्त आतली जागा मोकळी करून देतो. हा जोर किती असतो? साधारण एका चौरस सेंटीमीटरला एक किलो. ४७ मिलिमीटरच्या मेंब्रेनचं (म्हणजे बारीक भोकांच्या पातळ फिल्टर चकतीचं) क्षेत्रफळ साधारण १७ चौरस सेंटीमीटर येतं, म्हणजे पूर्ण व्हॅक्यूम असेल तर कागदाइतक्या पातळ चकतीवर सतरा एक किलोचा भार असतो, आणि ती फाटत नाही ती फक्त खाली फ्रिट, म्हणजे आधार देणारी सच्छिद्र काचेची चकती, आहे म्हणून. एक लिटरच्या फ्लास्कचा सगळा बाहेरचा पृष्ठभाग धरला तर तोच भार जवळपास अर्धा टन होतो. हा आकडा डोक्यात ठेवा, कारण पुढची निम्मी काळजी याच्यासाठीच आहे. आणि एक नियम पाठच करून टाका, व्हॅक्यूम सगळ्यात शेवटी लावायचा आणि सगळ्यात आधी सोडायचा.

काच तपासणं

जोडायला घ्यायच्या आधी फ्लास्क उजेडात धरून सावकाश फिरवून बघा. तळाला, बाजूची नळी जिथे चिकटवलेली असते त्या जोडाला आणि मानेपाशी जास्त बारकाईने. चांदणीसारखी छोटी चीर दिसली, खोल ओरखडा दिसला किंवा काठाचा टवका उडालेला दिसला तर तो फ्लास्क व्हॅक्यूमसाठी बाद, कितीही महाग असला तरी. त्यावर मार्करने लिहा आणि वेगळा ठेवा, नाहीतर दुसरं कोणीतरी तोच उचलणार. असे ओरखडे बऱ्याचदा आतून पडतात, काचेची कांडी नाहीतर स्टीलचा स्पॅचुला तळाला घासल्याने, म्हणून फिल्टर फ्लास्कमधे ढवळायचं कामच करू नका.

फ्लास्क जाड काचेचा, फिल्टरेशनसाठीच बनवलेलाच पाहिजे. साधा पातळ कोनिकल फ्लास्क किंवा सपाट बुडाचा फ्लास्क बूच लावून चालवून घेऊ असं कोणाच्या डोक्यात येत असेल तर तिथेच थांबवा, तो आतल्या बाजूला फुटतो आणि तुकडे मग बाहेर सगळीकडे उडतात. जाड काचेची एक उलटी बाजू पण आहे, तिला उष्णतेचा झटका सोसत नाही, त्यामुळे फिल्टर फ्लास्क हॉट प्लेटवर ठेवायचा नाही आणि थंड फ्लास्कमधे उकळतं लिक्विड एकदम ओतायचं नाही. गरम गाळायचंच असेल तर फनेल आणि फ्लास्क आधी कोमट करून घ्या.

गॉगल घालायचाच, आणि तो फक्त ओतताना नाही तर फ्लास्कमधे व्हॅक्यूम आहे तोपर्यंत सगळा वेळ. शेजारच्या टेबलवर काम करणाऱ्यालाही सांगा.

जोडणी

फ्लास्क स्टँडला क्लॅम्पने धरून ठेवा. हे लोक सगळ्यात जास्त टाळतात, आणि हा सेट वरून जड आणि बाजूने ओढला जाणारा असतो, फनेलमधे तीनशे मिली लिक्विड आलं आणि ताठ नळीने जरा हिसका दिला की सगळं आडवं.

नळी जाड भिंतीची व्हॅक्यूमची घ्यायची. पातळ सिलिकॉनची नळी व्हॅक्यूम लागला की चपटी होते, पंप आवाज करत राहतो आणि फ्लास्कमधे काहीच होत नाही, मग माणूस पंपाला दोष देतो. नळी काचेच्या टोकावर चढवताना टोक पाण्याने ओलं करा, फडक्याने धरा, टोकाच्या अगदी जवळ पकडा आणि फिरवत फिरवत पुढे सरकवा. लांबून धरून सरळ जोर लावला तर काचेची नळी मोडून तळहातात घुसते, लॅबमधल्या हाताच्या जखमा होण्याची ही अगदी नेहमीची पद्धत आहे. काढताना पण ओढू नका, घट्ट बसली असेल तर ब्लेडने नळी कापा, नळी स्वस्त आहे. ज्या सेटला स्क्रूचं प्लास्टिक कनेक्टर येतं तिथे हा प्रश्नच येत नाही, नवीन सेट घेताना मी तरी तोच बघेन.

फ्लास्क आणि पंपाच्या मधे ट्रॅप पाहिजे, म्हणजे अजून एक जाड भिंतीचा रिकामा फ्लास्क किंवा बाटली. फिल्टर फ्लास्ककडून येणारी नळी आत खोलवर जाणारी आणि पंपाकडे जाणारी नळी वर बुचाजवळच संपणारी, असं जोडा. उलटं जोडलंत तर ट्रॅपमधे साठलेलं लिक्विड थेट पंपात जाईल. पाण्याच्या नळाचा ॲस्पिरेटर (नळाच्या धारेने हवा ओढणारं उपकरण) वापरत असाल तर ट्रॅप दुसऱ्या बाजूने उपयोगी पडतो, नळाचं प्रेशर मधेच पडलं की पाणी उलटं मागे येतं आणि ते तुमच्या फिल्ट्रेटऐवजी (गाळून आलेल्या लिक्विडऐवजी) ट्रॅपमधे थांबतं. ट्रॅपला एक कॉक किंवा व्हॉल्व्ह असला की हवा आत सोडायला सोपं जातं, नसेल तर लावून घ्या.

पंप शक्यतो तेल न लागणारा, डायफ्रामचा. सॉल्व्हंट गाळत असाल तर वाफा पंपातून बाहेर येतात, त्यामुळे पंपाची बाहेर जाणारी नळी फ्यूमहूडमधे (वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात), किंवा सगळा सेटच हूडमधे.

कोणतं मेंब्रेन

इथे चूक झाली की बाकी सगळं बरोबर करूनही उपयोग नाही. एचपीएलसी म्हणजे बारीक कण भरलेल्या नळीतून (कॉलममधून) मिश्रणातले घटक वेगळे करायचं तंत्र, त्याच्या मोबाइल फेजसाठी, म्हणजे कॉलममधून वाहणाऱ्या लिक्विडसाठी, ०.४५ मायक्रॉन बहुतेक वेळा पुरतं, कॉलमचे कण दोन मायक्रॉनच्या खाली असतील तर ०.२२ घ्या. पण भोकाच्या मापापेक्षा मटेरियल जास्त महत्त्वाचं. सेल्युलोज नायट्रेट आणि सेल्युलोज ॲसिटेटची मेंब्रेन पाण्यासाठी चांगली आहेत, पण ॲसिटोनमधे विरघळतात आणि ॲसिटोनायट्राइलमधे पण टिकत नाहीत, म्हणजे गाळायला गेलात आणि फिल्टरच मोबाइल फेजमधे उतरला. नायलॉन पाणी आणि बहुतेक सॉल्व्हंट दोन्हीला चालतं, म्हणून एचपीएलसीवाले तेच ठेवतात, फक्त तीव्र ॲसिडमधे नको आणि प्रोटीनच्या सॅम्पलला पण नको कारण प्रोटीन त्याला चिकटून बसतं. पीटीएफई (टेफ्लॉन) जवळपास कुठल्याही सॉल्व्हंटला टिकतं पण साधं पीटीएफई पाण्याला जवळ करत नाही, पाणी वर नुसतं उभं राहतं. पाणी असलेलं काही त्यातून गाळायचं असेल तर आधी मिथेनॉल किंवा आयसोप्रोपाइल अल्कोहोलने ओलं करा आणि ते सुकायच्या आत सॅम्पल ओता, सुकलं की परत पहिल्यापासून. बाजारात हायड्रोफिलिक (पाण्याला जवळ करणारं) पीटीएफई पण मिळतं, त्याला हे लागत नाही, डबीवर काय लिहिलंय ते वाचा.

आता मेंब्रेन बसवताना. डबीतून काढलं की दोन मेंब्रेनच्या मधे एक रंगीत, बऱ्याचदा निळा, कागद असतो. तो कागद फक्त वेगळं ठेवण्यासाठी आहे, फिल्टर म्हणजे पांढरी चकती. नवीन मुलं निळा कागद लावून गाळतात आणि "फिल्टर फार स्लो आहे" म्हणून येतात, त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. चपट्या बोथट टोकाच्या चिमट्याने चकतीचा अगदी काठ धरा, बोटाने नको. फ्रिटच्या बरोबर मधे ठेवा, एखादा थेंब सॉल्व्हंट टाकून ओलं करा म्हणजे ते सपाट बसेल, सुरकुती किंवा हवेचा बुडबुडा राहिला तर उचलून परत ठेवा. मग वरचं फनेल सरळ वरून खाली ठेवायचं, सरकवत नाही, सरकवलं की मेंब्रेन दुमडतं. क्लॅम्प लावताना दोन्ही काठ क्लॅम्पच्या खाचेत सगळीकडून बसलेत का ते फिरवून बघा.

जॉइंटला ग्रीस लावायचं का असं बरेच जण विचारतात. एचपीएलसी किंवा ट्रेस ॲनालिसिससाठी (अगदी सूक्ष्म प्रमाण मोजण्यासाठी) अजिबात नाही, ग्रीस सॉल्व्हंटमधे उतरतं आणि आलेखात नको तिथे पीक, म्हणजे टोकं, दिसतात. घासलेली काच स्वच्छ असेल तर सॉल्व्हंटच्या एका थेंबावर ती पुरेशी घट्ट बसते.

गाळणं

पहिले थोडंसं लिक्विड, वीस तीस मिली, ओतून गाळा, त्याने फ्लास्क खळबळून घ्या आणि टाकून द्या. मेंब्रेनमधून सुरुवातीला जे काही सुटायचं असतं ते यात निघून जातं. त्यासाठी फ्लास्क काढाल तेव्हा पण आधी व्हॅक्यूम सोडायचा.

मग फनेल साधारण दोन तृतीयांश भरा आणि व्हॅक्यूम हळूहळू वाढवा. एकदम पूर्ण उघडला तर कोरडं किंवा नीट न बसलेलं मेंब्रेन फाटू शकतं, आणि बारीक गाळ पहिल्याच सेकंदाला भोकांत घट्ट बसतो. फनेल रिकामं व्हायच्या आधी पुढचं ओतत राहा. फ्लास्कमधलं लिक्विड बाजूच्या नळीच्या बरंच खाली असतानाच थांबा, फेस येणारं काही असेल तर अजून आधी, कारण फेस व्हॅक्यूममधे भराभर वर चढतो आणि थेट नळीत जातो.

सॉल्व्हंटच्या बाबतीत व्हॅक्यूम जास्त म्हणजे चांगला असं नसतं. दाब कमी झाला की उकळण्याचं तापमान खाली येतं. २५ अंशाला डायक्लोरोमिथेन हवेच्या दाबाच्या साधारण निम्म्यालाच उकळायला लागतं, ॲसिटोन तीस टक्क्यांच्या आसपास, आणि ईथर तर साध्या दाबालाच ३५ अंशाच्या जवळ उकळतो. फ्लास्कमधलं फिल्ट्रेट उकळताना दिसलं म्हणजे तुमचं सॉल्व्हंट पंपातून हवेत चाललंय. गेजवर लक्ष ठेवा आणि लिक्विड पडत राहील इतकाच व्हॅक्यूम ठेवा. मिक्स मोबाइल फेज असेल तर हे अजून महत्त्वाचं आहे, कारण मिथेनॉल किंवा ॲसिटोनायट्राइल पाण्यापेक्षा आधी उडून जातं, प्रमाण बदलतं आणि मग रिटेन्शन टाइम (पदार्थ कॉलममधून बाहेर यायला लागणारा वेळ) का सरकला हे शोधण्यात दिवस जातो. म्हणून बफर (पीएच स्थिर ठेवणारं मिठांचं पाणी) वेगळा गाळा, सॉल्व्हंट वेगळा गाळा आणि मग मिसळा. काही जण गॅस निघून जावा म्हणून गाळून झाल्यावर पंप तसाच चालू ठेवतात, बफरसाठी दोन चार मिनिटं ठीक आहे, मिसळलेल्या फेजसाठी नको.

फिल्टरेशन मधेच मंदावलं तर व्हॅक्यूम वाढवायचा मोह होतो, पण बहुतेक वेळा त्याने उलटच होतं, गाळ अजून दाबला जातो आणि उरलीसुरली भोकंही बंद होतात. त्याऐवजी लिक्विड आधी थोडा वेळ शांत ठेवून गाळ खाली बसू द्या आणि वरचं नितळ आधी ओता. तेवढ्याने होत नसेल तर मेंब्रेनच्या वर ग्लास फायबरचा प्रीफिल्टर लावा, किंवा सरळ व्हॅक्यूम सोडून मेंब्रेन बदला. एकाच मेंब्रेनवर तासभर झगडण्यात काही मिळत नाही.

क्रिस्टल गाळायचे असतील तर

तेव्हा मेंब्रेन नाही, बुख्नर फनेल आणि फिल्टर पेपर. (हे फनेल १८८८ मधे अर्न्स्ट बुख्नर या जर्मन केमिस्टने मांडलं, १९०७ चं नोबेल मिळालेला एडुआर्ड बुख्नर वेगळा, दोघांची फार गल्लत होते.) पेपर असा घ्या की सगळी भोकं झाकली जातील पण कडा फनेलच्या भिंतीवर चढणार नाहीत, चढलेल्या कडेखालूनच क्रिस्टल निसटतात. साध्या क्रिस्टलला व्हॉटमन नंबर १ पुरतो, तो साधारण ११ मायक्रॉनपर्यंतचं अडवतो, बेरियम सल्फेटसारखा अगदी बारीक गाळ असेल तर नंबर ४२, साधारण अडीच मायक्रॉनचा, पण तो हळू चालतो हे धरूनच चाला. पेपर त्याच सॉल्व्हंटने ओला करा ज्यात क्रिस्टल आहेत, हलका व्हॅक्यूम लावून तो चिकटू द्या आणि मग मिश्रण फिरवत फिरवत ओता म्हणजे क्रिस्टल बीकरच्या तळाला राहत नाहीत. तरी राहिले तर ताजं सॉल्व्हंट घालू नका, फ्लास्कमधे गाळून आलेलंच लिक्विड थोडं घेऊन बीकर खळबळा, ते आधीच तुमच्या पदार्थाने भरलेलं आहे त्यामुळे त्यात अजून क्रिस्टल विरघळणार नाहीत.

धुताना तर लोक हमखास घाई करतात. पंप चालू ठेवून वरून सॉल्व्हंट ओतलं की ते केकमधल्या (पेपरवर जमलेल्या क्रिस्टलच्या थरातल्या) भेगांतून सरळ खाली जातं आणि क्रिस्टल धुतलेच जात नाहीत. आधी व्हॅक्यूम सोडा, बर्फात थंड केलेलं सॉल्व्हंट केक जेमतेम बुडेल इतकंच घाला, पेपर न फाडता स्पॅचुलाने हलकेच ढवळा, अर्धा मिनिट थांबा आणि मग व्हॅक्यूम लावा. दोन वेळा थोडं थोडं धुणं हे एकदा भरपूर धुण्यापेक्षा चांगलं. केकला भेगा पडल्या तर सपाट काचेच्या बुचाने दाबून बुजवा, नाहीतर नुसती हवा आत जात राहते आणि केक ओलाच राहतो.

पाण्याचे नमुने

पाण्यातले तरंगते घन कण मोजायचे असतील तर ग्लास फायबर फिल्टर लागतो, त्याची सुरकुतलेली बाजू वर. तो आधी डिस्टिल्ड वॉटरने धुवा, १०३ ते १०५ अंशाला सुकवा, डेसिकेटरमधे (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) गार करा आणि मगच वजन घ्या, गाळून झाल्यावर परत तेच. गरम फिल्टर वजनकाट्यावर ठेवला तर आकडा स्थिर होत नाही. सॅम्पल ओतायच्या आधी नीट हलवा आणि शेवटी फनेलच्या भिंती दहा दहा मिली पाण्याने तीनदा धुवून घ्या, भिंतीला चिकटलेला गाळ पण सॅम्पलमधलाच आहे.

बॅक्टेरिया बघायचे असतील तर सेट आधी ऑटोक्लेव्ह करायचा (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायचा), फॉइलमधे गुंडाळून, १२१ अंशाला १५ मिनिटं, जोड सैल ठेवून. ०.४५ मायक्रॉनचं चौकटी छापलेलं मेंब्रेन आणि पिण्याच्या पाण्यासाठी नेहमीचं सॅम्पल १०० मिली. चिमटा अल्कोहोलमधे बुडवून ज्योतीवरून काढा, गार होऊ द्या. मेंब्रेन अगारवर (बॅक्टेरिया वाढवायच्या जेलीवर) एका कडेपासून लोळवत ठेवा, खाली हवा राहिली तर त्या जागी कॉलनी येत नाहीत आणि मोजणी कमी येते.

बंद करणं आणि धुणं

गाळून झालं की आधी ट्रॅपचा कॉक हळूहळू उघडून हवा आत सोडा, गेजचा काटा शून्यावर येऊ द्या, मग पंप बंद. उलटं केलंत, म्हणजे आधी पंप किंवा नळ बंद केला, तर फ्लास्कमधला व्हॅक्यूम तसाच असतो आणि तो पंपाकडचं काहीही स्वतःकडे खेचून घेतो. कॉक झटकन उघडला तर हवेच्या झोताने फिल्ट्रेट उडतं. फनेल निघत नसेल तर जोर लावण्याआधी गेज बघा, बऱ्याचदा आत अजून व्हॅक्यूम शिल्लक असतो.

फ्रिट लगेच धुवा, नंतर करू म्हणून ठेवलं की भोकांत जे सुकतं ते निघत नाही. बफर गाळला असेल तर पहिले पाणी, मगच मिथेनॉल, कारण आधी सॉल्व्हंट ओतलं की मीठ तिथेच भोकांत बाहेर पडतं. फ्रिट उलटं करून खालून वर पाणी ओढणं ही सगळ्यात चांगली सफाई. ब्रशने खरवडू नका. चिकट सेंद्रिय पदार्थ असेल तर ॲसिटोन, प्रोटीन असेल तर एन्झाइमवाल्या डिटर्जंटमधे रात्रभर, गंजासारखे धातूचे डाग असतील तर कोमट पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड. नायट्रिक ॲसिड वापरायचं असेल तर फ्रिटमधे सॉल्व्हंटचा मागमूस राहता कामा नये, नायट्रिक आणि ॲसिटोन किंवा अल्कोहोल एकत्र आले की स्फोट होऊ शकतो. जुन्या लॅबमधे क्रोमिक ॲसिड वापरायचे, ते आता सोडा, क्रोमियम विषारी आहे आणि काचेला चिकटून पण राहतं. गरम तीव्र अल्कली, गरम फॉस्फोरिक आणि हायड्रोफ्लोरिक ॲसिड काच खातात, फ्रिटची बारीक भोकं तर आधी खातात, त्यामुळे हे त्यातून कधीच नाही.

फ्रिट चोंदतंय का हे कळायला एक सोपी सवय लावा. नवीन असताना मेंब्रेन न लावता, ठराविक व्हॅक्यूमला १०० मिली पाणी किती सेकंदात जातं ते लॉगबुकमधे लिहून ठेवा आणि महिन्यातून एकदा परत बघा. वेळ वाढत चालला की सफाई करा, सफाईनंतरही उतरला नाही तर फ्रिट बदला.

ओव्हनमधे सुकवायचं तर थंड ओव्हनमधे ठेवून हळूहळू तापवा आणि ओव्हनमधेच गार होऊ द्या. ठेवताना सेट सुटा ठेवा, किंवा जागेअभावी जोडून ठेवावा लागला तर घासलेल्या जॉइंटच्या मधे कागदाची बारीक पट्टी घाला, म्हणजे पुढच्या वेळी काढताना अडकणार नाही.